मदत हवी आहे: नऊ वर्षांच्या मुलासाठी समुपदेशन, यवतमाळ-वर्ध्याकडे

नमस्कार ताई-दादांनो. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. पोळ्यानंतर माझे यजमान वारले. तेव्हापासून लेकरू बोलेनासं झालंय. रात्री अंथरूण ओलं करतो. ही सवय केव्हाच सुटली होती. मी वावरात निघाले की पदर धरून विचारतो, "आई, तू वापस येशील ना?" बाबांच्या चपला रोज पुसून दाराशी ठेवतो. कुणी हलवल्या तर आकांत करतो.

सासूबाई म्हणतात, बाहेरचं लागलं, भगताकडे नेऊ. त्यांनीही पोटचा पोरगा गमावलाय, त्यांच्यावर माझा राग नाही. पण मन मानत नाही.

टेलि-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन केला. फुकट आहे, मराठीत बोलतात. तिथल्या ताईंनी शांतपणे ऐकलं आणि मुलासोबत घरच्यांनीही बसावं असं सांगितलं.

खेळातून, चित्रांतून लहान मुलांना बोलतं करणारं कुणी माहीत आहे का? सेवाग्रामचा दवाखाना, सावंगीचा की नागपूरला, कुठं जाऊ? किती खेपा लागतात? एका खेपेला दिवसाची मजुरी बुडते, म्हणून विचारते. आणि सासूबाईंना सोबत यायला कसं तयार करू?