नवे लॅपटॉप प्रोसेसर: आधी बॅटरी की आधी वेग?

निवांत
जानेवारी २०२६ मध्ये सीईएस या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रदर्शनात इंटेलने पँथर लेक हा लॅपटॉप प्रोसेसर पुढे आणला. क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन एक्स२ एलिट त्याआधीच, सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालाय. यूट्यूबवर मात्र तोच जुना खेळ: चार्जर लावायचा, सिनेबेंच ही वेगाची चाचणी चालवायची आणि उंच पट्टी कुणाची ते दाखवायचं. माझं म्हणणं, लॅपटॉप घेताना चार्जर काढून काय होतं ते आधी बघा, वेगाचं नंतर.

कारण साधं आहे. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि शेवटचे दोन-चारशे मेगाहर्ट्झ पिळून काढायला व्होल्टेजच चढवावं लागतं. जेमतेम वाढीव वेगासाठी बॅटरी भसाभस रिकामी. वीज वाचवायला इंटेलने २०२४ मध्ये लुनार लेक या प्रोसेसरमधून हायपरथ्रेडिंग (एका कोरवर, म्हणजे चिपमधल्या एका हिशेबी भागावर, दोन कामं एकदम चालवायची सोय) काढून टाकलं, मेमरी चिपच्या पॅकेजवरच बसवली, मूळ मर्यादा १७ वॉट ठेवली. ब्राउझर, एक्सेल, मीटिंग यात त्याचे आठ कोर कुणाला कमी पडले?

फोकसवाला
मला पडले. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो मी, मीटिंगा नाही. फोर-के फुटेजवर रंग आणि नॉइज रिडक्शन लावून एक्सपोर्टला टाकलं की आठ कोर घाम गाळतात. एएमडीच्या रायझन एआय ३०० च्या वरच्या मॉडेलमध्ये बारा कोर आहेत, चार मोठे झेन ५ आणि आठ आटोपशीर झेन ५सी, आणि अशा कामात तो लुनार लेकला सरळ मागे टाकतो. शिवाय बिल वॉटचं येत नाही, वॉट गुणिले वेळेचं येतं. दणकट चिप काम झटपट उरकून झोपी जाते, मरतुकडी रखडत बसते. आणि सॉकेट कुठे नसतो हो? मंगल कार्यालयात मांडववाल्याचा एक्स्टेंशन बोर्ड असतोच.

निवांत
उरकून झोपणं हे वेबपेज उघडण्यापुरतं खरं. एक्सपोर्ट अर्धा तास चालतो, तिथे झोपायला मिळतं कुठे? ६० वॉट-तासांची बॅटरी दणकट चिपने ५४ वॉटने ओढली तर स्क्रीनचं सोडूनसुद्धा तास-सव्वा तासात खेळ खलास. मोठी बॅटरी टाका म्हणाल, तर विमानात १०० वॉट-तासांच्या वर एअरलाइनची परवानगी लागते, म्हणून कंपन्या ९९ च्या आसपास येऊन थांबतात.

दुधना
“सॉकेट कुठे नसतो” हे वाचून हसू आलं. उन्हाळ्यात आमच्या जालना जिल्ह्यात येऊन राहा. लाइट गेली की कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नाही.

पण निवांतदादा, तुमचंही पूर्ण पटत नाही. इंजिनिअरिंगला आहे, घरात एकच लॅपटॉप परवडतो. त्यावर थ्री-डी डिझाइनचं सॉलिडवर्क्सही चालायला हवं आणि अंधारात नोट्सही वाचता यायला हव्यात. होस्टेलवर सगळ्यांनी गेमिंग लॅपटॉप घेतलेत. विटेएवढा चार्जर, आणि तो काढला की ग्राफिक्स कार्ड निम्म्यावर येतं, कारण एवढे वॉट द्यायची बॅटरीची ताकदच नसते. म्हणजे पैसे वेगाचे मोजले आणि लाइट गेल्यावर तोही नाही.

ताळेबंद
बॅटरीच हवी म्हणून कुणी डोळे मिटून स्नॅपड्रॅगन घेणार असेल तर जरा थांबा. सीएच्या ऑफिसात काम करते म्हणून सांगते. स्नॅपड्रॅगन ही आर्म चिप, म्हणजे इंटेल, एएमडीपेक्षा वेगळ्या घडणीची. विंडोजचं प्रिझम हे सॉफ्टवेअर जुनी ॲप आर्मवर चालवून देतं, ड्रायव्हर (बाहेरचं यंत्र लॅपटॉपला ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर) नाही. ड्रायव्हर आर्मसाठी वेगळा बनवलेला लागतो. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन, जुना प्रिंटर, स्कॅनर, सगळं तिथे अडतं. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला टोकन ओळखलंच नाही, तर दिवसभर पुरणाऱ्या बॅटरीला काय ओवाळायचं? आधी टोकनवाल्याकडून आर्मचा ड्रायव्हर आहे का ते विचारून घ्या.

अर्धवाहक
पँथर लेकचा तपशील कुणी बोलतच नाहीये. वरच्या मॉडेलमध्ये सोळा कोर आहेत: चार मोठे, आठ मधले, चार अगदी कमी विजेवर चालणारे. व्हिडिओ बघताना किंवा टाइप करताना शेवटचे चारच जागे ठेवायचे, बाकीच्यांची वीज तोडायची, अशी आखणी. मेमरी पुन्हा पॅकेजबाहेर आली, त्यामुळे लुनार लेकची ३२ जीबीची भिंत गेली. दुधना, तुझ्यासारख्यांनी बघावं असं हेच, फक्त बारा ग्राफिक्स कोरवालं मॉडेल आहे का ते तपासून घे. नाव सारखंच दिसतं, चारवालंही त्याच मालिकेत विकतात. आणि “भाव उतरले की घेऊ” म्हणणाऱ्यांनो, एआयच्या डेटा सेंटरांमुळे मेमरी महाग झालीय. थांबून फायदा होईल असं मला वाटत नाही.

फोकसवाला
सोळापैकी मोठे चारच ना? मग बाकीचे बारा माझ्या टाइमलाइनला काय कामाचे?

अर्धवाहक
एक्सपोर्टला सगळे सोळा लागतात. मधले आठ काही शोभेचे नाहीत.

निवांत
एवढं आहे तर फोकसवाले, दुकानात पँथर लेक हाती लागला की चार्जर काढून, ब्राइटनेस निम्म्यावर ठेवून तुमचा एक्सपोर्ट लावा आणि आकडे इथे टाका.

फोकसवाला
टाकतो. पण शेजारी रायझनही लावणार, आणि बॅटरी किती उतरली यासोबत मिनिटं किती लागली तेही लिहिणार. मग बोलू.

दुधना
किंमतपण लिहा दादा.