'टर्ब्युलन्स'ला अशांतता म्हणायचं का?

परभणीकर : अभियांत्रिकीच्या पोरांसाठी एक टिपण मराठीत आणतोय. केबलविना, उघड्या हवेतून लेझरनं माहिती पाठवायची, तर पलीकडचा रिसीव्हर कसा असावा, हा विषय. आधी कुणीतरी 'वातावरणीय अशांततेतून प्रकाशीय संदेशवहन' असं करून ठेवलंय. चालेल?

जालनेकर : नको बाबा. अशांतता म्हणलं की आपल्याकडं आधी नेटच बंद पडतं. 'संक्षोभ' घ्या.

अंबाजोगाईकर : पोरांना कळायचं असंल तर 'झळा' म्हणा. एप्रिलात भर दुपारी पत्र्याच्या शेडवरून पलीकडची पाण्याची टाकी बघा, लाटेवर ठेवल्यावानी हलते. गरम-गार हवेचे लोट एकमेकांत घुसतात, प्रत्येकाचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवायचं माप) जरासा वेगळा, म्हणून प्रकाश वाकडातिकडा येतो. लेझरचंही तेच.

परभणीकर : पण झळ अंगाला लागते. आणि संक्षोभ रात्रीही असतो, तेव्हा झळा कुठल्या?

अंबाजोगाईकर : हे बराबर. मग झळा उदाहरणात राहू द्या.

परभणीकर : 'सिंटिलेशन'ला 'प्रस्फुरण' लिहिलंय.

जालनेकर : सरळ 'लुकलुक' लिहा की! ताऱ्यांची असते तीच ही. रिसीव्हरची अर्धी गोष्टही तिच्यातच आहे. तारे लुकलुकतात, गुरू-शुक्र सहसा नाही. ग्रहाची चकती असते, तिच्या ठिपक्याठिपक्याची लुकलुक वेगळी, एकत्र आली की सरासरी निघते. भिंग मोठं घेतलं की तसंच. एका कोपऱ्यात उजेड कमी पडला तर दुसऱ्यात जास्त.

परभणीकर : तेच 'अपर्चर अ‍ॅव्हरेजिंग'. मी 'छिद्र-सरासरी' केलं होतं.

जालनेकर : छिद्र म्हणलं की भगुण्याला पडलेलं भोक आठवतं. 'भिंगमुखाची सरासरी' म्हणा. मोठं भिंग ऊनही जास्त गोळा करतं, पुढं फिल्टर लागतो, ते विसरू नका.

परभणीकर : आणि 'फेड'? सिग्नल मध्येच मंदावतो तो.

अंबाजोगाईकर : डुलकी. हसू नका. लुकलुकीचा वेग मिलिसेकंदांचा, बिटचा नॅनोसेकंदाचा. सेकंदाला १ अब्ज बिट जात असतील, तर एका मिलिसेकंदाच्या डुलकीत १० लाख बिट वाया गेले. म्हणून बिट पुढंमागं विस्कटून पाठवतात, डुलकीत संदेशाचा एकच घास सलग वाया जाऊ नये.

परभणीकर : डुलकी घेतली! शेवटचा : शून्य की एक ते ठरवणारा 'थ्रेशोल्ड' लुकलुकीबरोबर खालीवर करायचा असतो. 'हलता उंबरठा'?

अंबाजोगाईकर : उंबरठा कुठं हलतो का हो? 'निवाड्याची पातळी' लिहा. पातळी विहिरीचीबी खाली जाते, कुणाला नवल वाटत नाही.