इंग्रजी सुधारायचं म्हणून घरातली कन्नड बंद करावी का?

दुसरीतल्या मुलीची आई, राजारामपुरी
माझं माहेर संकेश्वरचं, सासर इथलंच कोल्हापूरचं. मुलगी मराठी शाळेत दुसरीत आहे. माझी आई आमच्याकडेच असते, तिच्याशी ती कन्नड बोलते, बाबांशी मराठी. परवा पालकसभेत बाई म्हणाल्या, दोन भाषांनी तिचा गोंधळ होतोय, कन्नड बंद करा आणि घरी इंग्रजी बोला. त्या रात्री आई तिच्याशी मोडक्या मराठीत बोलायला लागली आणि पोरगी नुसती तिच्या तोंडाकडे बघत बसली. मला बघवेना. खरंच बंद करावी लागेल का?

गडहिंग्लजकर
काही बंद करू नका ताई. आमचा थोरला एका वाक्यात दोन्ही भाषा घालायचा. चौथीपर्यंत आपोआप सुटलं.

निवृत्त शिक्षिका, कागल
2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हापासून मी ते शिकवत होते. वर्गात घरी कन्नड बोलणारी मुलं कायम असायची. ‘आय मँगो ईट’ ती म्हणायची, पण निव्वळ मराठी मुलंही तेच म्हणायची. आपल्या दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ते नव्यानंच शिकावं लागतं. त्याला गोंधळ म्हणू नये.

उलट काही गोष्टी या मुलांना लवकर जमायच्या. मिळणं या अर्थाचा ‘गेट’ आणि फाटक या अर्थाचा ‘गेट’ आपण मराठीत एकसारखेच लिहितो, बोलतोही तसेच. कन्नडमध्ये आखूड ए वेगळा, लांब ए वेगळा. पानाला ‘एले’ म्हणताना तो आखूड, साताला ‘एळु’ म्हणताना लांब. तुमच्या लेकीच्या कानाला हा फरक आजीमुळे आधीच ठाऊक आहे. दुसरं, खुर्ची ‘ती’ म्हणून मराठी मुलं तिला ‘शी’ लिहायची. कन्नडमध्ये माणसं सोडली तर सगळं ‘अदु’, म्हणजे थेट ‘इट’.

टोरांटोत आठवीच्या मुलांचा एक अभ्यास 1990 मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच, अनेकांच्या घरी तिसरीच भाषा. ज्यांना घरची भाषा लिहिता-वाचता येत होती, ती मुलं फ्रेंचमध्ये ती नुसती बोलणाऱ्यांपेक्षा पुढे होती. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, आजीकडून अक्षरंही शिकू द्या. इंग्रजीसाठी रोज एक छोटी गोष्ट मोठ्यानं वाचा आणि तिला ती कन्नडमध्ये आजीला सांगू द्या. घरी ओढूनताणून इंग्रजी बोलू नका, ज्या भाषेत आपल्याला चार वाक्यांपुढे जाता येत नाही तिच्यात मूल तरी काय बोलणार?

दुसरीतल्या मुलीची आई, राजारामपुरी
बाई, ‘अदु’चं वाचून आईला लगेच सांगितलं. पण देवनागरी अजून पक्की नाही, त्यात कन्नड अक्षरं आणि एबीसीडी, जास्त होणार नाही ना?

निवृत्त शिक्षिका, कागल
जोडाक्षरं नीट वाचता येईपर्यंत थांबा, मग दिवाळीच्या सुट्टीत सुरू करा. क्रम तोच आहे, क ख ग घ, फक्त वळणं नवीन. तोवर आजीला कन्नडमध्येच बोलू द्या, आजपासूनच.

दुसरीतल्या मुलीची आई, राजारामपुरी
रविवारी भाऊ संकेश्वरहून येतोय, त्याला पहिलीचं कन्नड पुस्तक आणायला सांगितलंय. आत्ता दोघी गॅलरीत बसून शेंगा सोलतायत, कन्नडमध्ये गप्पा चालल्यात.