हेअरस्प्रेवरचा रंग टवक्यांऐवजी सालीसारखा निघतो (१/३५ ओपेल ब्लिट्झ, गंजलेली गाडी)

मडगार्ड:
ओपेल ब्लिट्झ या लाकडी हौद्याच्या जर्मन ट्रकचं १/३५ मापाचं प्लास्टिक मॉडेल करतोय. ट्रक बरीच वर्षं उघड्यावर पडून गंजलेला दाखवायचा आहे. हेअरस्प्रे पाण्याने विरघळवून वरच्या रंगाचे टवके उडवायचे, म्हणजे खालचा गंजाचा रंग दिसेल. क्रम असा: राखाडी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), त्यावर तामिया कंपनीचा एक्सएफ-६४ रेड ब्राउन, मग हेअरस्प्रे, वर पिवळसर रंग. हा वरचा रंग बाटलीतून थेट एअरब्रशमध्ये ओतता येणारा व्हिनाइल ॲक्रिलिक आहे. रात्रभर वाळवून पाणी लावलं, तर दारावरचा रंग सालीसारखा एकत्र निघतो. जिथे जोर पडतो तिथे तपकिरी थरही जाऊन प्रायमर दिसतो. ऑइल रंगांनी काढलेले गंजाचे ओघळही नुसत्या नारिंगी रेघा वाटतात. कुठे काय बदलावं?

टवका:
साल निघते ती वरच्या रंगामुळे. व्हिनाइल ॲक्रिलिक वाळला की त्याचा लवचीक पापुद्रा होतो. खालचा हेअरस्प्रे विरघळला तरी पापुद्रा तुटत नाही, ताणला जातो आणि अख्खा उचलला जातो. टवके उडायला थर ठिसूळ हवा. त्यासाठी तामियाचा एक्सएफ-६० (डार्क यलो) घ्या आणि निम्मा रंग, निम्मं पाणी असा पातळ करा. पाण्याने पातळ केलेला सहज निघतो, तामियाचा एक्स-२०ए हा ॲक्रिलिकचा थिनर घातलेला जरा चिवट असतो, आणि लॅकर थिनर घातलेला हेअरस्प्रे भेदून खालच्या थराला धरून बसतो.

हेअरस्प्रे २५-३० सेंटीमीटरवरून, दोन हलके हात. थेंब साचले तर वाळल्यावर फुगवटे राहतात. त्यापेक्षा थोडा हेअरस्प्रे झाकणात काढा, फेस पूर्ण बसू द्या आणि एअरब्रशने मारा. १५-२० मिनिटांत वाळतो. वरचा रंग जेमतेम झाकेल इतकाच द्या आणि हाताला कोरडा लागला की तासाभराच्या आत काम सुरू करा. रात्रभर ठेवलेल्या रंगातून पाणी खाली झिरपायला वेळ लागतो, मग आपोआप जोर लावला जातो आणि प्रायमर उघडा पडतो. म्हणून एका बैठकीत जेवढं उरकेल तेवढेच भाग रंगवा.

पाणी कोमट घ्या. ब्रशने लावा, अर्धा-एक मिनिट थांबा. मग केस आखूड कापलेला जुना ब्रश उभा धरून टोचत जा, घासू नका. पाण्यात पिवळे कण तरंगताना दिसले की थर सुटायला लागला. यापुढे तो भराभर जातो, तेव्हा लगेच टिशूने पाणी टिपा आणि बघा. बारीक ओरखड्यांना ओली टूथपिक पुरते.

तपकिरी थरावर लॅकर क्लिअरचा (पारदर्शक लॅकरचा) एक हात देऊन दिवसभर वाळवा, तो मग ब्रशला दाद देत नाही. हा थर एकरंगीही नको: एक्सएफ-६४ मध्ये थोडा काळा मिसळून स्पंजने गडद डाग द्या, मोजक्या जागी फिकट नारिंगी. जुना गंज मुख्यतः काळपट तपकिरीच असतो.

चासी:
आधी माप बघा. १/३५ वर १ मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटीमीटर. १/७२ वर तोच सात सेंटीमीटरच्या वर जातो. पडीक गाडीवर एवढे मोठे पोपडे चालतात, पण पाणी साचतं तिथे: दाराची खालची कड, मडगार्ड आणि पायरीचा सांधा, काचेखालची पट्टी, बॉनेटच्या बिजागऱ्या, केबिनचं सपाट छत. दाराच्या मधोमध गंज नको. हौदा लाकडी आहे, तो राखाडी पडतो. गंज फक्त बोल्ट आणि पट्ट्यांना, आणि त्यांच्या खालच्या ओघळांना.

पुढच्या मॉडेलसाठीही हे बघत जा. एम११३ या अमेरिकी चिलखती गाडीचं कवच ॲल्युमिनियमचं आहे, जुन्या लँड रोव्हर सिरीज जीपगाड्यांच्या बॉडीचे बहुतेक पत्रेही. त्यांवर तांबडा गंज चढवला तर कितीही सफाईने केलेलं काम खोटं ठरतं.

मडगार्ड:
कळलं. बिघडलेलं दार सोडवता येईल का? ओघळांचंही सांगा.

बर्न्टअंबर:
दार वाचेल. खाली हेअरस्प्रे आहेच, कोमट पाण्यात बुडवलेला कपडा पाच-दहा मिनिटं ठेवून पिवळा थर पूर्ण काढा. प्रायमर दिसतोय तिथे एक्सएफ-६४ स्पंजने टिपा, वाळल्यावर पुन्हा हेअरस्प्रेपासून सुरू करा. टवक्यांचं काम झालं की कोमट पाण्याने धुऊन उरलेला हेअरस्प्रे काढा आणि सॅटिन (अर्धवट चकाकीचं) वार्निश द्या. ऑइलसाठी तोच पृष्ठभाग बरा: मॅटवर रंग शोषला जाऊन डाग पडतो, अगदी चकचकीत असेल तर घसरतो.

ओघळ नारिंगी दिसतात कारण सुरुवातच नारिंगीने होते. आधी बर्न्ट अंबर, वर थोडा बर्न्ट सिएना, नारिंगी सुईच्या टोकाएवढा आणि फक्त उगमाशी. ट्यूबमधला रंग अर्धा-एक तास पुठ्ठ्यावर ठेवा. जवसाचं तेल पुठ्ठ्यात उतरतं. नाहीतर ओघळ चमकतो आणि वाळायला दिवस लागतात. टवक्याच्या खालच्या कडेला बारीक ठिपका ठेवा, सपाट ब्रश व्हाइट स्पिरिटमध्ये (ऑइल रंग पातळ करायच्या द्रवात) बुडवून टिशूवर जवळपास कोरडा करा आणि सरळ खाली ओढा. दहा मिनिटांनी स्वच्छ ब्रशने दोन्ही बाजूंनी ओघळ निमुळता करा. उगमाशी गडद, खाली विरत जाणारा हवा. व्हाइट स्पिरिट सांध्यांत साचू देऊ नका. ताणाखालचं उघडं प्लास्टिक त्याने तडकतं.

पिगमेंट (धूळ-गंज दाखवायची कोरडी रंगपूड) शेवटी, वार्निशनंतरच. कोरड्या कणांमधली हवा वार्निशने भरली की रंग गडद होतो आणि धुळकटपणा जातो. मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात कोरडी पूड टाकून कडेला पिगमेंट फिक्सरचा (पूड चिकटवणाऱ्या द्रवाचा) ब्रश नुसता टेकवा, द्रव आपोआप आत ओढला जातो. पुडीवर ब्रश फिरवलात तर तिचा चिखल होऊन फराटे उमटतात.