मदत हवी आहे: 'नोस्फेरातू'ची निळ्या छटेची प्रत

वाशीतल्या आमच्या वाचनगटाचं 'ड्रॅक्युला' ही कादंबरी (१८९७) वाचून संपत आलंय. पाठोपाठ सोसायटीच्या हॉलमध्ये तिच्यावरच बेतलेला १९२२ चा मूकपट 'नोस्फेरातू' दाखवायचा आहे. धड प्रत कुणाकडे आहे का?

फुकट मिळणाऱ्या बऱ्याच प्रती निव्वळ कृष्णधवल आहेत आणि घोळ तिथेच होतो. रात्रीचे प्रसंग दिवसाउजेडी चित्रित करून मूळ प्रतींत त्यांना निळी छटा दिली होती. ती गेली की त्यातला रक्तपिपासू काउंट ऑर्लोक भर दुपारी शवपेटी काखेत मारून गावातून हिंडताना दिसतो. मग उन्हाने त्याचा नाश होतो या शेवटाला अर्थच उरत नाही. (कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही फिरतो बरं का. उन्हाने मरणं ही सिनेमाची भर, पुढच्यांनी ती बिनदिक्कत उचलली.)

वेगही तपासून सांगा. सेकंदाला १८ चौकटींनी तो साधारण दीड तास चालतो. २४ ने पळवला की पात्रं तुरुतुरु धावतात, भीतीच्या जागी हशा पिकतो.

संवादपाट्यांची मराठी सबटायटल्स कुणी केली आहेत का? आणि नव्याने ध्वनिमुद्रित संगीत हॉलमध्ये वाजवायला वेगळी परवानगी लागते का? प्रत ठाण्यात असेल तर येऊन घेऊन जाईन.