सुट्टीत मुलं कुणाकडे? सीमाभागातले अनुभव

वेगळे राहणारे आईबाबा मुलांच्या सुट्ट्या कशा वाटून घेतात, यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्यांनी आपापलं लिहावं म्हणून हा धागा. आपला पेच निराळा आहे. एक घर इथे कर्नाटकात, दुसरं महाराष्ट्रात कोल्हापूर-गडहिंग्लजला, आणि दोन्हीकडच्या सुट्ट्या जुळत नाहीत. आपल्याकडे मोठी सुट्टी दसऱ्याला, तिकडे दिवाळीला. मुलांची नावं मात्र लिहू नका. सुरुवात मी करते.

टिळकवाडी, आई
आमच्या सहमतीच्या घटस्फोटाच्या कागदात ‘दिवाळीची निम्मी सुट्टी वडिलांकडे’ असं होतं. मसुदा कोल्हापूरला झालेला, त्यामुळे तिकडची लांबलचक दिवाळी गृहीत धरलेली. इथे मुलीच्या शाळेला दिवाळीत मोजकेच दिवस सुट्टी. त्याचं निम्मं काय करणार? पहिल्या वर्षी फोनवर बरीच वादावादी झाली. मग शाळेचं वेळापत्रक समोर ठेवून ठरवलं: दसऱ्याच्या सुट्टीचा पहिला भाग बाबांकडे, खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी परत; दिवाळी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. दोघांच्या सह्या घेऊन ते कोर्टात दिलं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मुलांबाबतचा हुकूम नंतरही बदलून घेता येतो. पुष्कळ जण हे माहीत नसल्यामुळे वर्षानुवर्षं भांडत बसतात, याचं फार वाईट वाटतं.

गडहिंग्लज, वडील
मी शिक्षक. मुलगा बेळगावात आईजवळ. त्याला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी पडते, तेव्हा मी पेपर तपासत असतो. मला सुट्टी लागून तो माझ्याकडे रुळतोय तोवर त्याची शाळा उघडायला येते. शिवाय बेळगावची शिवजयंती! गल्लीच्या चित्ररथावर तो मावळा असतो, ती रात्र चुकवायला तयारच नसतो. वैशाखातली तिथी दरवर्षी पुढेमागे होते, म्हणून आम्ही तारीख लिहीत नाही. चित्ररथाची मिरवणूक झाली की दुसऱ्या दिवशी मी न्यायला येतो, आणि शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी सोडतो. त्याच्या आईनेच हे सुचवलं. मला ते मनापासून पटलं.

खानापूर, आई
आमची देवाणघेवाण निपाणी स्टँडवर. कर्नाटकातल्या बायका-मुलींना मोफत बसप्रवास देणाऱ्या शक्ती योजनेमुळे मला आणि मुलीला तिथवर तिकीट लागत नाही, पुढे तिचे बाबा नेतात. पण सीमाप्रश्न तापला की एसट्या बंद. डिसेंबर २०२२ मध्ये झाल्या, फेब्रुवारी २०२५ मध्येही. म्हणून गाड्या बंद असतील तर काय, हेही लिहून ठेवलंय: त्यांनी स्वतःच्या गाडीने सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापर्यंत यायचं, माझा भाऊ तिला तिथवर पोचवणार. बॅगेच्या वरच्या कप्प्यात तिचा दम्याचा पंप आणि किती वेळा घ्यायचा याची चिठ्ठी. हातात तिकडच्या आजीसाठी कुंद्याचा डबा, तो ती दुसऱ्या कुणाला धरू देत नाही.

चिकोडी, आजी
नातू सुट्टीला आला की त्याच्या आईबद्दल एक शब्द विचारायचा नाही, असं मी घरात सगळ्यांना बजावलंय. रात्री तिचा फोन आला की टीव्ही बंद करायचा आणि त्याला बोलू द्यायचं.

अनगोळ, आता नोकरी करणारी मुलगी
‘आईकडे जायचंय की बाबांकडे?’ असं दोघांदेखत विचारलं की मी गप्प व्हायचे. त्याहून जास्त लागायचं ते म्हणजे न्यायला कधी येणार हेच कुणी सांगायचं नाही. मैत्रिणी सहलीचं ठरवायच्या आणि मला हो म्हणता यायचं नाही. शेवटी मामाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखांना गोल करून दिले. मुलांना तारखा आधी सांगा, एवढंच कळकळीचं मागणं.

निपाणी, वडील
माझा मुलगा यंदा दहावीला. उन्हाळी सुट्टीतच क्लास सुरू होतात, आणि हुकुमात मे महिना माझ्याकडे. क्लास बुडवून त्याला आणायचं मनाला पटत नाही, पण अख्खा महिना सोडवतही नाही. शनिवार-रविवार वाढवून घेतलेलं कुणी आहे का? कोर्टात जावं लागलं की आपसात भागलं?