मदत हवी आहे: आईचा आमवात, नवीन गोळी आणि कॅन्सरची भीती

नमस्कार मंडळी,

थोडं लांबलचक आहे पण नीट सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितेय. आई 61 वर्षांची, करमाळा तालुक्यात गावी असते, मी चिंचवडला. तिला 12 वर्षांपासून आमवात आहे म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. मेथोट्रेक्सेट 15 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री. गोळी घेतली की कालनिर्णयवर त्या चौकोनात ती स्वतः पेनाने खूण करते आणि इतकी वर्षं सगळं बरं चाललं होतं.

दिवाळीनंतर बोटं परत सुजायला लागली. आता सकाळी दोन-दोन तास मूठ वळत नाही, मागच्या आठवड्यात बघितलं तर पीठ मळताना बोटं वर उचलून नुसत्या तळहाताने दाबत होती, मला बघवेना. रुमॅटॉलॉजिस्टकडे नेलं, सीआरपी (रक्तातली सूज दाखवणारी तपासणी) बराच वाढलाय. ते म्हणाले मेथोट्रेक्सेट आता पुरत नाही, टोफासिटिनिब सुरू करू. इंजेक्शनापेक्षा परवडतं म्हणून आम्ही हो म्हणालो आणि घरी येऊन वाचलं तर त्यावर कॅन्सरचा इशारा आहे. 2022 साली छापून आलेला अभ्यास आहे, 50 च्या पुढचे आणि बीपी, शुगर, सिगरेट असा हृदयाला धोका असलेले 4,362 आमवाताचे पेशंट घेतले होते, साधारण चार वर्षांत या गोळीवाल्यांपैकी 4.2 टक्क्यांना कॅन्सर झाला आणि टीएनएफ इंजेक्शनवाल्यांपैकी (आमवातावरच देतात ती दुसऱ्या प्रकारची इंजेक्शनं) 2.9 टक्क्यांना. फरक शंभरात एखाद्याचा आहे हे कळतं मला, पण आईला बीपी आहे आणि विडी-सिगरेट नसली तरी मशेरी चाळीस वर्षांची, दिवसातून तीनदा. म्हणजे ती त्याच गटात बसते ना?

त्यात परवा तिच्या कपाटात साड्यांच्या घडीत मेथोट्रेक्सेटच्या भरलेल्या स्ट्रिपा सापडल्या. गणपतीपासून घेतलेलीच नाही! कालनिर्णयवर खुणा मात्र दर रविवारी चालू. विचारलं तर रडायला लागली. मेडिकलवाल्याने म्हणे विचारलं होतं, ही तर कॅन्सरची गोळी, घरात कोणाला आहे? तिला वाटलं आपल्याला कॅन्सर झालाय आणि पोरं लपवतायत. वरून मामी म्हणाल्या की असल्या गोळ्यांनीच कॅन्सर होतो. मी समजावलं की कॅन्सरला हे औषध याच्या कित्येक पट डोसने देतात, तुझा आहे तो अगदी थोडा, पण माझंच मन आता खात नाही असं नाही.

टोफासिटिनिब कोणी घेतंय का? इंजेक्शनच मागून घ्यावं का? आणि मशेरी कशी सोडवू, ती सुटली नाही तर बाकी सगळं करून काय उपयोग असं वाटतं.

पारिजात:
ताई, बाकी सगळं नंतर, आधी डॉक्टरांना फोन करून त्या स्ट्रिपांचं सांगा. ते मेथोट्रेक्सेट फेल गेलं असं धरून पुढचं औषध देतायत आणि आईंनी ते घेतलेलंच नाही! कदाचित नवीन गोळीची गरजच पडणार नाही. आईंवर चिडू नका, मीही पहिल्या वर्षी असंच केलं होतं, मला आमवात होऊन आता 19 वर्षं झाली.

मामींना सांगा की आमवातातच लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा, धोका साधारण दुप्पट असतो, गोळी घेतली नाही तरी. स्वीडनमध्ये 2006 साली लिम्फोमा झालेल्या 378 आमवातवाल्यांचा अभ्यास झाला, त्यात दिसलं की ज्यांचा आजार वर्षानुवर्षं भडकलेला राहिला त्यांना धोका सगळ्यात जास्त, मेथोट्रेक्सेटमुळे वाढलेला दिसला नाही. म्हणजे साड्यांत गोळ्या ठेवून आई सुरक्षित होत नव्हत्या. फुफ्फुसाचा कॅन्सरही आमवातात जास्त दिसतो, स्तनाचा मात्र जास्त नाही. मानेत किंवा काखेत गाठ येऊन आठवडे झाले तरी जात नसेल, कारण नसताना ताप, रात्री घामाने कपडे भिजणं, वजन उतरणं, यातलं काही असेल तर लगेच दाखवा. आणि पुढेमागे टोफासिटिनिब किंवा इंजेक्शन काहीही ठरलं तरी आधी टीबीची तपासणी करतातच. मशेरीचं तोंड दाताच्या डॉक्टरांकडून नीट बघून घ्या, ते मला जास्त तातडीचं वाटतं.

धागाकर्ती:
पारिजातताई, खूप खूप आभार. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. काल फोन केला, डॉक्टर रागावले नाहीत, म्हणाले टोफासिटिनिब थांबवू, लिव्हरची आणि रक्तपेशींची (सीबीसी) तपासणी करून मेथोट्रेक्सेटच परत सुरू करू आणि तीन महिन्यांनी बघू. कॅन्सर नाहीये हे त्यांनी स्वतः आईला फोनवर सांगितलं, मग कुठे तिने स्ट्रिपा माझ्या हातात दिल्या.

आज दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. खालच्या हिरडीच्या आत, जिथे मशेरीचं बोट फिरतं तिथेच, पांढरट चट्टा आहे, रुपयाएवढा. दुखत नाही म्हणून तिने कधी सांगितलंच नाही. सोमवारी तुकडा काढून तपासायला देणार आहेत. डबी तिने आजच माझ्याकडे दिलीय, पण सकाळी उठल्या उठल्या तिला तेच लागतं. कोणाच्या आईने, सासूबाईंनी मशेरी सोडली असेल तर पहिले पंधरा दिवस कसे काढले ते प्लीज लिहा, मी सोमवारपर्यंत इथेच गावी आहे.